गुंफाबाईंचं जहाज

बाई, तुमचं जहाज आलं.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी आलं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, भेटायला आलेल्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या, आणि माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. मला वाटलं, कुणीतरी घर कुठल्या गल्लीत म्हणून विचारतंय. पाहिलं तर तेच करडं जहाज, तोच पाटील गळ्यात दुर्बीण अडकवून उभा, आणि खाली अक्षरं: नवा सीझन आजपासून. समोर उंद्रीची एक म्हातारी तुमचं नाव घेऊन गळा काढत होती. मी फोन पालथा करून मांडीखाली सरकवला. आणि खरं सांगते, त्या क्षणी तुमची आठवण नंतर आली. आधी मनात आलं, सुसरीनं जहाज धरलं की सुटलं?

असलं माझं मन. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शैले, तुह्यं डोकस्कं तपासून घे वं एकडाव."

आज अकरावा दिवस. टीव्हीवर चादर टाकलेली आहे. तेरवी होईपर्यंत लावायचा नाही, हा आपल्या घरचा नियम तुम्हीच मला शिकवला होता, मोठे भाऊजी गेले तेव्हा. मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि अंगणात जाते, अंगणातून काय आणायचं होतं ते विसरून परत येते, तोवर चहा उतू गेलेला असतो. आमचे हे म्हणतात, जरा आडवी हो. आडवी झाले की छताकडे बघत राहते आणि पुन्हा उठते.

परवा तेरवीला जानेफळहून तुमचा भाऊ येणार आहे. त्याला मला तुमचं एक वाक्य पोचतं करायचं आहे. ते सांगितलं तर त्या माणसाला जन्मभराचं दुखणं लागेल. नाही सांगितलं तर मला लागेल, म्हणजे लागलंच आहे. सांगावं की गिळून टाकावं, काही ठरत नाही. म्हणून लिहायला बसले. मी पडले कारकुनाच्या जातीची, पुढ्यात कागद असला की माझे हात तरी जागेवर राहतात.

आपण दोघी सख्ख्या जावा आणि दोघींना एकच मालिका आवडते, हे गल्लीत कुणाला खरं वाटायचं नाही. मोठे भाऊजी गेले, तुमच्या गजानननं तुम्हाला उंद्रीच्या मळ्यातून इथं चिखलीला आणलं, आणि मी त्याच सुमारास शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले. एक आवार, दोन चुली. संध्याकाळी गजानन मळ्यातली भाजी आणून माझ्या समोरच्या खोलीत ओतायचा आणि तुम्ही मेथीच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसायच्या, सकाळी बाजारात बोली लागते त्या हर्राशीसाठी. तुमचे हात कामात असायचे, डोळे रिकामे. म्हणून टीव्ही. पहिले काही दिवस मी आपल्या घरगुती मालिका लावल्या. त्यातल्या जावा नटूनथटून एकमेकींच्या दुधात काहीबाही कालवत होत्या. तुम्ही आठवडाभर सहन केलंत आणि मग म्हणालात, "जावाजावाचं भांडन पाहाले टीव्ही कायले पाह्यजे वं? आपल्या दोघीचं काय कमी हाय?"

मग एकदा कीर्तन शोधताना माझ्या हातून रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि समोर समुद्र आला. कुठल्याशा परदेशी आरमाराची गोष्ट, हिंदीत बोलणारी. एक लढाऊ जहाज, त्यावर दीडशे माणसं, आणि मागे लागलेली शत्रूची पाणबुडी. तोफा, स्फोट, आरडाओरडा. मी बदलणार तोच तुम्ही म्हणालात, "राहू दे. पानी घुसून राह्यलं त्याच्यात, पाहू दे काय करते तं." अर्ध्या तासानं पाहिलं, तर तीच जुडी तुमच्या हातात, दोरा अर्धवट गुंडाळलेला. तुमचे हात थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

समुद्र तुम्ही पाहिलेला नव्हता. मीही नाही, पण मी शाळेत भूगोलाचे पेपर टाइप केलेले, त्यामुळे उगाच पाजळायचे. तुमचं माप म्हणजे लोणारचं तळं. "त्याच्याहून मोठं असन?" तुम्ही विचारायच्या. मी म्हणायचे, लाखपट. तुम्ही मान हलवायच्या, एवढं पाणी, वरून खारं, कोनाच्या कामाचं. पण जहाजाच्या पोटातलं यंत्र तुम्हाला माझ्याहून चांगलं कळायचं. विहिरीवरच्या मोटारीपाशी तुमचा निम्मा जन्म गेलेला. तळात पाणी चढायला लागलं, पंप नुसतेच घरघरायला लागले आणि यंत्रावरची ती तरणी बाई घामाघूम झाली, की तुम्ही इथून ओरडायच्या, "अवं, मोटारनं हवा धरली! पह्यले पाइपात पानी भर!" एकदा तिनं खरोखर तसंच केलं आणि पंप सुरू झाला. तुम्ही माझ्याकडे अशा थाटात पाहिलंत, जणू आताच फोन करून तिला सांगितलं. तेव्हापासून ती "आपली मोटारवाली". कप्तान जानेफळच्या पोलीसपाटलासारखा छाती काढून चालतो म्हणून तो पाटील. पाणबुडी म्हणजे सुसर. खरी नावं आपल्याला कधी पाठ झाली नाहीत आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

मागच्या सीझनचा शेवट तुम्हाला तोंडपाठ होता, तरी पुन्हा सांगते, कारण माझी तगमग तिथूनच सुरू होते. जहाज जखमी झालेलं, डिझेल संपत आलेलं, सगळ्यांची आशा एका बंदरावर. चार दिवसांत पोचू म्हणून माणसं तहानभूक विसरून राबतायत. आणि पाटलाला बिनतारी निरोप येतो की बंदर पडलं, शत्रूनं घेतलं. तो कागद वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो, माइक हातात घेतो आणि सगळ्या जहाजाला सांगतो, "चार दिन. बस, चार दिन." खाली मोटारवाली हसते आणि पुन्हा पाना उचलते. पडदा काळा. संपलं.

तुम्ही जुड्या बाजूला सारून उठलात. "बेइमान हाय थो," म्हणालात.

मी म्हटलं, "बाई, सांगितलं असतं तर हातपाय गळाले असते सगळ्यांचे. जहाज तिथल्या तिथं बुडालं असतं."

"बुडालं तं बुडालं. लोक का लेकरं हायेत? ज्याचा जीव हाय त्याले सांगाले पाह्यजे."

"सांगून काय करणार होते ते?"

"काय बी करतीन. घरी चिठ्ठी लिहितीन. कोनाशी भांडेल असन तं बोलून घेतीन. तुले काय करायचं?"

दोन वर्षं हे भांडण चाललं. पोळ्या लाटताना, दळण आणताना, एकदा तर बँकेच्या रांगेत. आपला आवाज इतका चढला की पुढचा माणूस वळून म्हणाला, "मावशी, कोनाच्या घरचं हाय हे? मिटवून देऊ का?" तुम्ही विसरलात की मी उकरून काढायचे, मी कंटाळले की तुम्ही. माझं म्हणणं एकच, मोठ्या माणसानं धक्का आपल्या अंगावर घ्यायचा असतो. तुमचंही एकच, ज्याचा जीव त्याचा कागद. मला वाटायचं, आपण जहाजाबद्दल बोलतोय.

तुम्ही तुमच्या मायबद्दल बोलत होत्या, हे कळायला मला तुमचं मरण पाहावं लागलं. खरं तर ती हकिगत मला माहीत होती. गजाननच्या लग्नाला आठ दिवस होते. इथं मांडवाची धांदल, आणि तिकडं जानेफळला तुमच्या आई अंथरुणाला खिळलेल्या. तुमच्या भावानं आपल्या मनानं ठरवलं, लग्नघर आहे, बहिणीचा जीव टांगणीला कशाला लावायचा, म्हातारी होईल बरी. चार दिवस त्या तुमचं नाव घेत होत्या आणि तुम्ही इथं आहेराची ताटं मांडत होत्या. निरोप आला तो सगळं संपल्यावर. भावाच्या अंगणात उभं राहून तुम्ही एवढंच विचारलंत, "मले काऊन नाई सांगतलं?" तो म्हणाला, "तुह्या भल्यासाठीच, अक्का." त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही जानेफळचं पाणी प्यायला नाहीत. राखी नाही, भाऊबीज नाही. जानेफळची पाटी लावलेली एसटी समोरून गेली तरी तुम्ही तोंड फिरवायच्या.

आणि तरी मी तेच केलं. ते लिहिण्याआधी दुसरं एक लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल. मी नवी नवरी होते तेव्हा शाळेतून कारकुनाच्या जागेचा कागद आला. सासूबाईंनी तो देवळीत टाकला, म्हणाल्या, घरच्या सुनेनं दप्तर घेऊन गावातून हिंडायचं का? मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते. तुम्ही चुलीपुढून उठलासुद्धा नाहीत. तव्यावरची भाकरी उलटत म्हणालात, "जाऊ द्या तिले. तिच्या वाटच्या भाकरी मी टाकीन." आणि टाकल्या, उंद्रीला बिऱ्हाड हलवेपर्यंत रोज टाकल्या. माझी नोकरी, माझी पेन्शन, चार लोकांत मी ताठ मानेनं बोलते ते, सगळं तुमच्या भाकरीवर उभं आहे. हे मी तुम्हाला एकदाही बोलून दाखवलं नाही. जावाजावांत असं बोलायची रीत नसते म्हणून गप्प बसले, आणि आता फार उशीर झाला आहे.

तुमचे रिपोर्ट आले तेव्हा गजानननं फाइल माझ्याच हातात दिली. काकू कागदाची माणूस. मोठ्या दवाखान्याचा जिना, गजानन भिंतीला डोकं टेकून उभा, मी फाइल छातीशी धरलेली. डॉक्टरांनी महिने बोटांवर मोजून सांगितले होते आणि एका हाताची बोटंही पुरी लागली नव्हती. गजानन म्हणाला, "काकू, आईले काई सांगू नका. ऐकल्याबरोबर खचून जाईन थे." मी म्हटलं, हो. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, बाई. आपल्याकडे कुणी सांगतं का? सासऱ्यांना सांगितलं नव्हतं, सासूबाईंना सांगितलं नव्हतं, त्या दोन्ही वेळी तुम्ही मात्र नुसत्या चरफडत होत्या. तेही मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी तेच केलं असतं, एवढं प्रामाणिकपणे सांगते.

आठ दिवसांनी जुड्या बांधता बांधता तुम्ही विचारलंत, "शैले, तू कागद वाचते. माह्या कागदात काय लिहेल हाय?"

"सूज हाय बाई आतड्याले. गोळ्यानं उतरते."

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग दोरा दातानं तोडला आणि म्हणालात, "मंग जहाज येईस्तोवर बरी होईन?" नव्या सीझनची जाहिरात त्याच दिवसांत आली होती, तारखेसकट. मी मनातल्या मनात महिने मोजले. तारीख डॉक्टरांच्या बोटांच्या पलीकडे जात होती. मी म्हटलं, "व्हाल ना. न व्हायला काय झालं?" पाटलानं माइकवर सांगितलं ते याहून वेगळं काय होतं? शेवटी तुम्ही डॉक्टरांच्या हिशेबाहून जास्त दम धरलात. पाच दिवसांनी हुकलं.

भेटायला येणारे म्हणतात, त्यांना सगळं समजलं असेलच, माणसाला आतून कळतं. मला हे ऐकवत नाही. कळलं असेल तर तुम्ही एकट्यानं ते सोसलंत, आणि मी शेजारी बसून मेथी निवडत होते. नसेल कळलं तर मी तुम्हाला फसवलं. यात मला दिलासा कुठे सापडतो ते त्या लोकांनीच सांगावं.

आता ते वाक्य. संक्रांत झालेली होती. तुम्ही अंगणात, पाठ उन्हाला देऊन, पुढ्यात सांबार घेऊन बसल्या होत्या. आदल्या दिवशी जरा जेवण गेलं होतं म्हणून चेहरा बरा दिसत होता. मान वर न करता म्हणालात, "बरी झाली की जानेफळले जाऊन येऊ वं. थो बी म्हातारा झाला असन. किती दिवस धरून ठेवायचं? तू चाल संगं, मले एकटीले लाज वाटते."

मी तुमच्या पुढ्यातली एक जुडी उचलून दोरा गुंडाळायला लागले. आणि तोंडानं मी म्हटलं, "जाऊ ना. आधी बऱ्या व्हा."

आधी बऱ्या व्हा! दीड तासाची वाट, बाई. दारातून जीप केली असती. "उद्याच जाऊ" म्हणायला माझ्या जिभेला काय झालं होतं? झालं हेच होतं, की उद्या म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, एवढी घाई काऊन? आणि मग सगळंच उघडं पडलं असतं.

पण हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं तुम्हाला अजिबात माहीत नाही. त्याच्या पंधरा दिवस आधी गजाननच्या तोंडून बातमी जानेफळला पोचली होती. मामांचा, म्हणजे तुमच्या भावाचा, मला फोन आला. अकरा वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला, मी ओळखलासुद्धा नाही. "ताई, मी येऊ का? पाय धरीन तिचे," म्हणाले. आणि मी त्यांना सांगितलं, येऊ नका. इतक्या वर्षांत न आलेला भाऊ एकाएकी दारात उभा राहिला, तर अक्का काय समजायचं ते समजेल. जरा सुधारली की मीच बोलावते. मग म्हणाले, "तुमी म्हनसान तसं." फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटलं होतं, बाई. घर सांभाळल्यासारखं वाटलं होतं.

तुम्ही तिकडे जायला निघाल्या होत्या, ते इकडे यायला निघाले होते, आणि मधे मी बसले होते. नंतर तुमची तब्येत घसरत गेली. रोज वाटायचं, आज फोन लावावा. रोज वाटायचं, आज त्या जरा हसल्या, आज नको. मामा आले ते तिरडी बांधून झाल्यावर. त्यांनी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मी दाराआड जाऊन उभी राहिले.

अजून एक कबुली द्यायची आहे, ही जरा हसण्यासारखी आहे. सातव्या दिवशी मला राहवलं नाही. भर दुपारी गच्चीवर गेले, वाळत घातलेल्या गोधड्यांच्या आड बसले, कानात वायर घातली आणि सुतकात तुमचं जहाज पाहिलं. जित्याची खोड, दुसरं काय. मला तोफा नको होत्या, सुसर नको होती. पाटील खरं सांगतो की नाही, आणि सांगितल्यावर ती माणसं काय करतात, एवढंच पाहायचं होतं. मला वाटलं होतं, तिथं तरी कोणीतरी निकाल लावलेला असेल.

बाई, कसला निकाल! पहिल्या दहा मिनिटांत आभाळातून दोस्तांची विमानं आली. बंदर परत घेतलं. जहाज वाजतगाजत धक्क्याला लागलं, मोटारवालीला पदक मिळालं, सुसर पळून गेली. पाटलाच्या खिशातल्या त्या कागदाचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. आपलं दोन वर्षांचं भांडण त्या लिहिणाऱ्यांनी विमानात घालून उडवून दिलं. मी फोन बंद केला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले, तेही असल्या गोष्टीवर. खाली आले तर गजाननची बायको म्हणाली, "काकू, डोळे केवढे सुजले!" म्हटलं, मिरच्या उलटवत होते. मालिकेला काय, विमान येतं. चिखलीत कुठून येणार? इथं मामा येणार, एसटीनं, आणि मला त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे.

इथवर अकराव्या दिवशी लिहिलं होतं. काल तेरवी झाली. पुढचं आज लिहिते.

पंगत बसली होती. मामा एका बाजूला उभे, हात मागे बांधून, पाहुण्यासारखे. मी त्यांना मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं. "मामा, तुमाले एक सांगायचं हाय," म्हटलं, आणि मग दोनदा "म्हणजे" म्हटलं, एकदा पाणी हवं का विचारलं. अजूनही वाटत होतं, या म्हाताऱ्या माणसाला कशाला? आता सांगून काय होणार? तेच, मी दोन वर्षं तुमच्याशी भांडताना बोलत होते तेच. आणि मग सांगून टाकलं. तुमच्या शब्दांत, तुमच्या त्या लाजेसकट. तुम्ही यायला निघाल्या होत्या आणि मी आधी बऱ्या व्हा म्हटलं, हेही सांगितलं.

मामा टाकीच्या कठड्यावर बसले. टोपी काढून हातात घेतली.

"कधी म्हने?"

"संक्रांत झाल्यावर. त्याच हप्त्यात."

पंगतीतून कुणीतरी कढीला हाक मारत होतं. मामा टोपीच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या हप्त्यात मी चिखलीले आलतो, ताई. तूर घिऊन. मेहकरात बी इकली असती, पन मुद्दाम इकडं आनली. तुमच्या गल्लीच्या तोंडालोक आलो. थे अंगनात बसेल होती, पाठमोरी. केस पार पांढरे झालते तिचे. म्हनलं, आवाज द्याव. मंग तुमचं फोनवरचं आठोलं. फिरलो माघारी."

मीही कठड्यावर बसले. "चुकलं माह्यं, मामा," म्हटलं. "मले माफ करा."

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मायच्या वक्ताले मी बी हेच केलतं. मी बी भल्यासाठीच केलतं. थे माफी माह्याजवळ नाई, ताई. तिच्याजवळ हाय. तिले सांगा." मग त्यांनी टोपी घातली आणि जेवायला गेले. पानावर बसले, दोन घास खाल्ले. मी आग्रह केला नाही.

बाई, तुम्ही जिंकलात असं म्हणून मला सुटता येणार नाही. तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं खरं उत्तर मी अजून दिलेलं नाही. सगळ्या घराला माहीत होतं, जानेफळला माहीत होतं, एक तुम्हालाच नव्हतं. तर ऐका. तुमच्या कागदात सूज लिहिलेली नव्हती. कॅन्सर होता, बाई, लिव्हरपर्यंत गेलेला. डॉक्टरांनी फार तर चार महिने सांगितले होते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.